मालाच्या दारातून

“तीन पावलं, मॅडम. फक्त तीन,” रेबेलो म्हणाला आणि मला नीट कळावं म्हणून त्याने तीन बोटंही वर केली.

“तीन असोत नाहीतर तीनशे, मला सारखीच,” मी म्हटलं. “एकही टाकता येत नाही.”

जहाजाच्या खालच्या मजल्यावर, बाजूला उघडणाऱ्या एका दारापाशी आम्ही होतो. दाराबाहेर छोटी बोट उभी होती, म्हणजे उभी म्हणायची इतकंच. एका क्षणी ती उंबऱ्याला लागायची, दुसऱ्या क्षणी दोन हात खाली जायची. दोन खलाशी प्रवाशांचे दंड धरून “आता!” म्हणून ओरडायचे आणि माणसं टुणकन बोटीत जाऊन पडायची. माझ्यामागे टोप्या घातलेली, गळ्यात कॅमेरे अडकवलेली वीस-पंचवीस मंडळी खोळंबली होती. त्यांतल्या एका बाईंनी हळूच “बिच्चारी” म्हटलं, तेही मला ऐकू आलं. माझे कान तिखट आहेत. कित्येक वर्षं मी त्यांच्याच जिवावर पगार घेतला आहे.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पासष्ट वर्षांची होते, आणि चौथ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हापासून माझे पाय नुसते सोबतीला आहेत. माझी पुतणी ऋतुजा पुण्यात नोकरी करते. तिने हौसेने मुंबई ते गोवा अशा सफरीची दोन तिकिटं काढली होती. काढण्याआधी तिने दहा वेळा विचारलं होतं, खुर्ची सगळीकडे जाते ना? जाते, म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. लिफ्टमध्ये जात होती, न्हाणीघरात जात होती, जेवणाच्या टेबलापर्यंत जात होती. वरच्या पोहण्याच्या टाकीपर्यंतसुद्धा गुळगुळीत उतार बांधला होता. ज्या टाकीत मी सात जन्मांत उतरणार नव्हते तिच्यापर्यंत वाट होती, आणि ज्या गावात उतरण्यासाठी मी आले होते तिथे ही तीन पावलं आडवी आली होती.

“सांजवेला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही ना, मॅडम,” रेबेलो म्हणाला. उतारूंना चढवणं-उतरवणं त्याच्याकडे होतं. गोव्याचा, चाळिशीचा, घामाघूम झालेला भला माणूस. “लहान बोटीत ज्याला स्वतःच्या पायांनी जाता येत नाही, त्याला न्यायचं नाही. नियम आहे. गोव्याला काही प्रॉब्लेम नाही, तिथे सरळ धक्का.”

“मला गोवा नकोय. मला सांजवे पाहिजे.”

त्याने मागे पाहिलं, आवाज खाली आणला. “एक करू शकतो. नियमात नाही, पण समुद्र आज शांत आहे. हे दोघे तुम्हाला उचलतील. मुलासारखं अलगद ठेवतील बोटीत.”

“उचलायचं नाही,” मी म्हटलं.

“आत्या...” ऋतुजा म्हणाली.

“उचलायचं नाही म्हटलं ना!”

माझा आवाज जरा जास्तच चढला. पण त्याला कारण होतं. मी नऊ वर्षांची असताना मावशीच्या लग्नात थोरल्या मामाने मला काखेत मारून भर मांडवातून नेलं. माझा परकर वर गेला होता, एक पैंजण गळून पडलं होतं आणि मामाने मांडवातल्या कुणाला तरी विचारलं, “हिला कुठं ठेवायची?” तो म्हणाला, “ठेव तिकडं, धान्याच्या पोत्यांपाशी.” अख्खं लग्न मी पोत्यांपाशी बसून पाहिलं. त्या दिवसापासून मला कुणी उचललेलं नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून रिक्षात, मी माझ्या हातांनी जाते. माझे हात बघाल तर पैलवान लाजेल.

मी खुर्ची वळवली. गर्दीने चटकन वाट दिली. त्या बाबतीत लोक फार तत्पर असतात.

वरच्या डेकवर येऊन मी कठड्याला चाकं लावली. सांजवे समोरच होतं. डावीकडे टेकाडावर पडका किल्ला, मधे माडांची रांग, तिच्यातून वर आलेला मशिदीचा पांढरा मिनार, आणि खाडीच्या तोंडाशी दगडी धक्का. धक्क्यावर एक काळा ठिपका होता. ती छत्री होती. जैबूनने फोनवर सांगितलंच होतं, “काळी छत्री घेऊन उभी असेन. ऊन असो नसो, उघडीच ठेवीन.”

हा ठिपका बघायला मला त्रेचाळीस वर्षं लागली होती.

मी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. बाविसाव्या वर्षी चिकटले. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला बोलावायचो, दोऱ्या या भोकातून त्या भोकात खुपसायचो आणि मग कुठे माणसं एकमेकांना “हॅलो” म्हणायची. बोलायला तीन मिनिटं मिळत; ती संपली की आम्ही मधे येऊन आणखी हवीत का विचारायचो. सांजवेच्या टोकाला जैबून परकार होती. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “कोण, कराड का?” मी म्हटलं, “हो, सांजवे.” तेच पडलं. पुढची एकोणीस वर्षं ती मला कराडच म्हणाली आणि मी तिला सांजवे. सगळे ऑपरेटर एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारत. दुपारी दीड ते तीन लाइन मोकळी असायची. तेव्हा आमच्या गप्पा चालायच्या. तिच्या वडिलांचं आजारपण, माझ्या भावाचं लग्न, तिच्या नवऱ्याचं आखातात जाणं, आमच्या मुख्य बाईंचा खडूसपणा, सगळं त्या तारेवरून गेलं. मशिनं आली, आमचे बोर्ड निघाले, आम्हाला टेबलं मिळाली, तरी फोन चालूच राहिले. ईदला मी करायची, दिवाळीला ती.

फक्त एक गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. माझी खुर्ची.

सुरुवातीला नुसतं राहून गेलं. मग एकदा तिने विचारलं, “काल सुट्टी होती, काय केलंस?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “संगमावर फिरायला गेले होते. वाळूतून लांबवर चालले.” कुणाशीतरी मी चालणाऱ्या बाईसारखी बोलले आणि त्या बाजूला काहीच खळबळ झाली नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग मला चटकच लागली. दर सोमवारी मी कुठेतरी जाऊन आलेली असायची. मंडईत भाजी घेऊन चालत आले, पावसात भिजत आले, एकदा तर आगाशिवचा डोंगर चढून लेणी बघून आले. पायऱ्यांचं वर्णन मी एका मैत्रिणीकडून ऐकून घेतलं होतं, ते तिखटमीठ लावून सांगितलं. जैबून बारीकसारीक विचारायची. वारा होता का? दम लागला का? वरून नदी कशी दिसते? मी सगळ्याची उत्तरं द्यायची. आणि ती तिच्या समुद्राचं सांगायची. भल्या पहाटे उठून ती होडी वल्हवत किल्ल्यापर्यंत जायची, पोहायची, माघारी येताना मासे घेऊन यायची. मला तिचा हेवा वाटायचा.

आता एवढं सगळं रचल्यावर भेटायचं कसं? ती ये म्हणायची, मी सबबी सांगायची. मी ये म्हणायची, तर तिला घाट लागायचा. पुढे ते तोंड दिसणारे फोन आले, तेव्हा माझा फोन नेमका तेवढ्यासाठी नादुरुस्त असायचा. पण पासष्टी आली आणि वाटायला लागलं, आता नाही तर कधी? म्हणून मी एक नवं खोटं तयार केलं होतं. गेल्या वर्षी मी जिन्यावरून पडले, कंबर गेली, तेव्हापासून खुर्ची. ऋतुजाला सगळं पढवून ठेवलं होतं. म्हणजे आगाशिवचा डोंगर शाबूत राहिला असता आणि मैत्रीणही भेटली असती. आता धड काहीच होणार नव्हतं.

“तू जा,” मी ऋतुजाला म्हटलं. “त्या छत्रीवाल्या बाईंना सांग, आत्याला बोट लागली. सारख्या उलट्या होतायत. डोकं वर काढत नाही.”

“अगं, सकाळी दोन थालीपिठं खाल्लीस तू.”

“ते सांगू नकोस.”

“मी खोटं बोलणार नाही, आत्या. एक खोटं पाठ करून आलेय, ते बस झालं. त्यापेक्षा त्या दोघांना उचलू दे ना. एक मिनिटाचा प्रश्न आहे.”

“तिच्यासमोर पोत्यासारखी जाऊ मी? पहिल्यांदा बघणार आहे ती मला.”

“मग काय, इथून बघणार छत्री?”

डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिने पाहू नये म्हणून मी किल्ल्याचं निरीक्षण करायला लागले. छत्री जागची हलत नव्हती. दोन बोटी धक्क्याला लागून रिकाम्या परत आल्या तरी ती तिथेच होती.

तेवढ्यात खाडीच्या तोंडातून भडभड आवाज करत एक विचित्र वस्तू बाहेर आली. आधी मला वाटलं, कुणाचं तरी अंगणच वाहून आलंय. सपाट, चौकोनी, वर फळ्या मारलेल्या, चारी बाजूंना लोखंडी कठडा आणि कोपऱ्यात इंजिनची टपरी. कोकणात तिला जंगार म्हणतात. खाडीवर पूल नसतो तिथे हिच्यावर मोटारी, ट्रॅक्टर, म्हशी, वऱ्हाडं, सगळं पलीकडे जातं. आमच्या जहाजासाठी ती बर्फ, मासळी आणि शहाळी घेऊन आली होती. ती वळसा घालून जहाजाच्या पाठच्या बाजूला गेली आणि दिसेनाशी झाली.

पाच मिनिटांत रेबेलो धावत वर आला.

“मॅडम, खाली चला. तुम्हाला कुणीतरी शोधतंय.”

त्याने आम्हाला नेलं ते उतारूंच्या दाराकडे नाही. स्वयंपाकघराच्या मागून, कांद्याच्या गोण्या आणि साबणाचे खोके ओलांडत आम्ही एका रुंद दालनात आलो. तिथे मालाचं दार होतं. पुरं भिंतभर उघडं, आणि त्याच्या उंबऱ्याला जंगार अशी बरोबर टेकली होती की मधे लोखंडी फळी टाकून पोरं बर्फाच्या पेट्या ढकलत आणत होती. ही बाजू किल्ल्याच्या आडोशाला होती आणि जंगार चांगली रुंद, म्हणून ती हलत होती ती झोळीतल्या पोराला हलवावं इतपतच. जंगारीवर एक काळाकुट्ट, पांढऱ्या मिशांचा माणूस हाफपँटीत उभा होता.

“खुर्चीवाल्या बाय त्या ह्याच काय?” त्याने विचारलं. “मी धर्मा भाटकर. जैबूनबायनी तुमाला आणायला सांगितलान.”

खुर्चीवाल्या! मी ऋतुजाकडे वळले.

“तू फोन केलास तिला.”

“मी? अगं, माझ्याकडे त्यांचा नंबरसुद्धा नाही!”

“मग तिला खुर्चीचं कुणी सांगितलं?”

“शप्पथ, आत्या. मी नाही.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. रेबेलो तिकडे वेगळ्याच पेचात होता. “हे दार मालाचं आहे, मॅडम. पॅसेंजरचं नाही. इथून पॅसेंजर उतरवला असं मी लिहू शकत नाही.”

“बंदर हापिसचा कागद हाय माझ्याकडं,” धर्मा म्हणाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून शिक्का मारलेला कागद काढला. “जंगारीवर मान्सा न्यायची परवानगी हाय. आठ दीस झाले जैबूनबायनी घेऊन ठेवलान. तुमी दार तेवढा बघा.”

आठ दिवस! म्हणजे आम्ही मुंबईहून निघण्याच्याही आधी. मी पुन्हा ऋतुजाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती.

रेबेलोने कॅप्टनला फोन लावला. बराच वेळ “येस सर, नो सर” झालं. मग त्याने भिंतीला टांगलेली वही काढली. उतरणाऱ्या मालाची वही ती. त्यात लिहिलं होतं, रिकामे क्रेट बारा, बर्फाच्या रिकाम्या पेट्या चार.

“कॅप्टन म्हणतात, काळजी घ्या. बाकी ते काही बोलले नाहीत,” तो म्हणाला. पेन हातात धरून तो घुटमळला. “पण मी लिहू काय?”

मला पोत्यांपाशी बसलेली नऊ वर्षांची शालन आठवली. आणि काय गंमत, मला हसू आलं. तेव्हा मला माल केला होता लोकांनी. आज मी स्वतः होणार होते, माझ्या चाकांवर, माझ्या हातांनी.

“लिहा,” मी म्हटलं, “चाकाची खुर्ची, एक नग. आणि पुढे लिहा, माणसासकट.”

त्याने खरंच तसं लिहिलं. मग मी चाकांना हात घातला. रेबेलो एका बाजूला, ऋतुजा दुसऱ्या बाजूला, पण कुणीही खुर्चीला बोट लावलं नाही, मी लावू दिलं नसतं. लोखंडी फळीवरून खडखड करत मी सरळ समुद्रावर गेले.

जंगारीच्या मधोमध खडूने एक चौकोन आखला होता. धर्माने तिथे माझी खुर्ची लावायला सांगितली आणि दोन पाचरी काढून चाकांपुढे-मागे ठोकल्या. मी त्या पाचरींकडे बघत राहिले. मोटारीच्या चाकांच्या पाचरी बाजूला पडल्या होत्या, चांगल्या कलिंगडाएवढ्या, तेलकट, काळ्या पडलेल्या. या मात्र लहान होत्या, पांढऱ्याशुभ्र, ताज्या रंधलेल्या. माझ्या चाकांना मापून केल्यासारख्या बसल्या.

“या कधी केल्या?” मी विचारलं.

“मांगल्या शुक्रवारी. सुताराकडनं करून आणलान जैबूनबायनी,” धर्मा म्हणाला. “घाबरू नका बाय. म्हशी न्हेतो आमी रोज. त्या बोलतबिलत न्हाईत, तुमी निदान बोलाल.”

पण मी सबंध वाटेत बोलले नाही. वारा छान होता, पाण्यावर ऊन पडलं होतं, ऋतुजा फोटो काढत होती. मला काही सुचत नव्हतं. जैबूनला खुर्चीचं कळलं होतं, इतकं नक्की. कुणाकडून, ते पुढचं पुढे. पण खुर्ची कधीपासूनची म्हणून कळली होती? जिन्याची गोष्ट अजून चालेल का? की आता संगम, मंडई, आगाशिव, सगळ्याचा हिशेब द्यावा लागेल? त्रेचाळीस वर्षांची मैत्रीण पहिल्याच भेटीत खोटारडी म्हणाली, तर मी परत याच पाचरींत अडकून गोव्याला जाणार होते. ती स्वतः जंगारीवरून मला घ्यायला का आली नाही, हेही मला लागलं. रोज होडी वल्हवणारी बाई, तिला एवढं यायला काय झालं होतं? रागावली असणार, दुसरं काय.

धक्क्याला जंगारीची फळी पडली. तिथेही वर चढायला फळ्यांचा लांबलचक उतार करून ठेवला होता, आणि त्यावर सुंभ पसरलं होतं, चाक घसरू नये म्हणून. वरच्या टोकाला छत्री. छत्रीखाली बुटकी, गोरी, चष्मेवाली बाई, हिरवी साडी, डोक्यावरून पदर.

मी चढायला लागले. माझी जिन्याची गोष्ट ओठांवर तयार होती. “काय झालं सांगू का सांजवे, गेल्या वर्षी...” अशी सुरुवात करायची ठरली होती. मी दमत, धापा टाकत वर पोचले. तिने छत्री मिटली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खुर्चीकडे, आणि मान तिरकी करून कान दिला, फोनवर देतात तसा.

“काय गं कराड,” ती म्हणाली, “डावं चाक अजून वाजतंच का तुझं?”

माझी गोष्ट घशातच राहिली.

“तुला... तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? एकोणीस वर्षं कानाला लावून बसले होते. डावीकडची दोरी घ्यायला सरकलीस की च्यूं. परत आलीस की च्यूं. आणि तुमच्या त्या मुख्य खांबेटेबाई रोज ओरडायच्या, ‘शालन, गाडी जरा मागे घे, मला जाऊ दे.’ एकोणनव्वद साली दिवाळीनंतर दोन दिवस चाक वाजलं नाही, तर मी घाबरले. म्हटलं, कराडची बदली झाली. मग तू बोललीस तेव्हा कळलं, तेल घातलंस.”

मी नवी खुर्ची घेते, तिचंही डावं चाक वर्षभरात वाजायला लागतं. उजव्या हाताने दोऱ्या लावायच्या आणि डाव्याने चाक ढकलायचं, ती सवय गेलेलीच नाही. पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त आगाशिवचा डोंगर दिसत होता.

“सगळं माहीत होतं?” मी विचारलं. “मग बोलली का नाहीस?”

“असं काय करतेस? नोकरीला लागलो तेव्हा काय शिकवलं होतं आपल्याला? लाइनवर ऐकलेलं तोंडातून काढायचं नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा माणूस गेला, काय काय ऐकलं आपण! काढलं कधी? मग तुझं बरं काढीन मी? तू सांगितलं असतंस तर गोष्ट वेगळी. मी ऐकलेलं होतं.” तिने चष्मा पुसला. “आता पाच वर्षं झाली रिटायर होऊन. म्हटलं, आता हरकत नाही.”

“सांजवे,” मी म्हटलं, “मी आगाशिवला कधी गेले नव्हते.”

“माहितीये.”

“संगमावरसुद्धा वाळूत नाही. पुलावरून बघितलाय नुसता.”

“माहितीये गं. पण मी गेले ना.” ती माझ्यासमोर दगडी खांबावर बसली. “अब्बांचं आजारपण, मग सासू, मग पोरं. सांजवेच्या बाहेर मी नऊ वर्षं पाय ठेवला नव्हता. सोमवार आला की मी वाट बघायची, आज कराड मला कुठे घेऊन जाते. डोंगर चढताना दम लागला का म्हणून विचारायची, ते तुला पकडायला नाही. मला लागत होता.”

त्यानंतर मी रडले. सरळ, मोठ्याने, धक्क्यावरच्या कोळणी बघत असताना. तीही रडली. ऋतुजा रडता रडता फोटो काढत होती. एका कोळणीने विचारलं, “बहिनी काय?” जैबून म्हणाली, “नाही, एक्स्चेंजची माणसं.”

मग जरा सावरल्यावर तिनेच सुरुवात केली. “आता माझंही एक आहे.”

“काय?”

“मला पोहता येत नाही.”

“काय?”

“होडीत बसले नाही कधी. लहानपणी भाऊ बुडाला माझा, तेव्हापासून घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही. किल्ला इथूनच बघते.” तिने मान खाली घातली. “तुझ्यापाशी तेवढं मोठेपण. तू डोंगर चढायचीस ना, मग मी काय कमी?”

एकोणीस वर्षं त्याच तारेवर मीही कान लावून होते. लाटा ऐकल्या होत्या, कावळे ऐकले होते, पण यातलं एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं. तिखट कानांची मिजास मी त्या दिवशी धक्क्यावर सोडली.

“म्हणून आली नाहीस होय जंगारीवर!” मी म्हटलं. “मला वाटलं, रागावलीस.”

“आठ दिवस येरझाऱ्या घातल्या. बंदर ऑफिस झालं, सुतार झाला, सुंभ झालं. जंगारीवर एक पाय ठेवून बघितला आणि काढला.”

दुपार कशी गेली कळलं नाही. तिच्या घरी उंबरा होता, त्यालाही फळी लावलेली होती. तिने तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं, मी कराडहून आणलेला गूळ दिला. खांबेटेबाईंच्या खडूसपणावर नव्याने चर्चा झाली. शेजारपाजारच्या पाच बायका ‘फोनवाली कराड’ बघायला येऊन गेल्या. मी पाचच्या पाच जणींना सांगितलं की मला पोलिओ झालाय, चौथ्या वर्षी. सांगताना काहीही वाटलं नाही.

चारला जंगार निघायची होती. धक्क्यावर धर्माने माझ्या चाकांना पाचरी लावल्या. जैबून कडेला उभी होती, छत्री पोटाशी धरून. मी हात हलवला.

ती बघता बघता फळीवर आली. एक पाय, मग दुसरा. मग धावल्यासारखी येऊन तिने माझ्या खुर्चीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

“जैबूनबाय!” धर्मा ओरडला. “खरंच येताव काय?”

“निघ,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “लवकर निघ, नाहीतर उतरेन.” आणि मग माझ्या कानाशी, “कराड, चाकाला पाचर नीट लावलीय ना?”

“लावलीय.”

“मलाही एक लाव म्हणावं.”

जहाजापर्यंत अर्धी वाट तिने डोळे उघडले नाहीत. मी तिला सांगत गेले. आता किल्ला उजवीकडे आलाय. भिंतीत एक वडाचं झाड आहे. बगळे बसलेत. पाणी हिरवं आहे, मग निळं होतंय. वारा आहे पण गार नाही. “दम लागला का?” मी विचारलं. ती हसली आणि तिने एक डोळा उघडला. मग दुसरा.

मालाच्या दारात रेबेलो वही घेऊन उभा होता. “वेलकम बॅक, मॅडम. एक नग परत,” तो म्हणाला आणि घड्याळ दाखवलं. “मला दार बंद करावं लागेल हं.”

मी फळीवरून आत गेले आणि तोंड फिरवून उंबऱ्यापाशी थांबले. ती जंगारीवर, मी जहाजात, मधे हातभर फळी. काय बोलावं ते दोघींनाही कळेना. इतक्या वर्षांत आम्ही असं गप्प कधी बसलो नव्हतो. मग जैबूनने घसा साफ केला, पाठ ताठ केली, आणि मला तिचा तो जुना आवाज ऐकू आला, नाकातला, सरकारी, दुसऱ्यांच्या बोलण्यात मधेच येऊन ती कितीतरी हजार वेळा बोलली असेल तो.

“तीन मिनिटं झाली,” ती म्हणाली. “वाढवायची का?”

“वाढव,” मी म्हटलं.

रेबेलोने वही मिटली आणि दाराच्या बटणावरचा हात काढून घेतला.